वरचे दात

मनवेलपाडा, विरार
७ मार्च १९८१

ती. अँजेलिनाताईस,
धाकट्या क्लेमेंटीनचा सा. न.

नाशिकच्या इस्पितळात तुला पाठ टेकायला फुरसत नसते हे ठाऊक आहे, तरी लिहिते. आल्बर्टचा सातवा महिना सरत आला आणि दात येऊ लागलेत. लाळेनं दिवसाला सहा झबली भिजतात, आणि किरकिर अशी की अख्खी चाळ आता त्याला नावानं ओळखते. सासूबाई टाकणखाराची लाही मधात कालवून हिरड्यांना चोळूया म्हणतात. चालेल का? नवल म्हणजे मंगळवारी आणि शुक्रवारी मी शाळेतून येते तेव्हा स्वारी शांत असते. सासूबाई त्याला मलमलीत बांधलेला केळीचा गार गाभा चघळायला देतात. भाजीवाली आणून देते म्हणे.

आता खरी बातमी. काल संध्याकाळी बोटाला पहिला दात टोचला, खालचा, कणीएवढा. आणि आज मी फर्डिनंडदादाला पत्र टाकलं की वरचे दोन आधी आले. भाच्याचे वरचे दात आधी आले तर मामावर भारी, ही आपल्याकडची भीती बाप्तिस्म्याच्या पाण्यानंही धुतली गेलेली नाही, आणि दादा तर लहानपणापासून असल्या गोष्टींना टरकतो. टरकू दे. बाप्तिस्म्याला धर्मपिता म्हणून बाळाला तो हातात घेणार होता, आलाच नाही. फादर अर्धा तास थांबले, सगळं सासर माझ्या तोंडाकडे बघत होतं, शेवटी शेजारच्या ॲन्सेल्मला उभं करावं लागलं. मागाहून निरोप काय, तर केळीची लोंगरं उतरवायची होती. सहा महिने झाले, त्यानं तोंड दाखवलेलं नाही. उपवासकाळ आहे, क्षमा करायची असते, मला कळतं. ते ईस्टरनंतर बघू. तोवर वाडीत शिडीवर पाय ठेवताना त्यानं माझी आठवण काढावी.

लोभ आहेच, तो पत्रातूनही दिसू दे.
तुझी क्लेमेंटीन


नाशिक
१२ मार्च १९८१

चि. सौ. क्लेमेंटीनला अनेक आशीर्वाद.

टाकणखार नको आणि वर्षाच्या आत मधही नको, सासूबाईंना माझं नाव सांग. हात स्वच्छ धुऊन बोटानं हिरड्या हलके चोळ, स्वच्छ फडकं उकळून माठात गार केलेल्या पाण्यात भिजवून चावायला दे. गाभा दिला तर फडक्याचं दुसरं टोक मोठ्यांच्या हातात असू दे.

दुसरं औषध तुला हवं. ते पत्र खोटं आहे असं आजच्या आज कळव. दादा वाडीतून घरी येईपर्यंत टपाल कार्मिनवहिनीच्या हातात पडतं, हे तू विसरलीस. सूड दादावर आणि धसका तिला, असं व्हायचं. लहानपणी माझ्या वेणीला शाई लावलीस तेव्हाही तुला असंच वाटलं होतं की फक्त वेणीच काळी होईल.

आल्बर्टच्या ओल्या गालाचा मुका घे.
अँजेलिना


मु. होळी, ता. वसई
१७ मार्च १९८१

क्लेमेंटीन,
आशीर्वाद लिहायला आज हात वळत नाही. रीत म्हणून लिहिला असं समज.

ही चिठ्ठी आणि चांदीची वाटी तुझ्या सासूबाईंकडे ठेवून जातो आहे. आल्बर्टचा दात खालचा आहे. शुक्रवारी दुपारी, तुझ्या आधी, मी तो पाहिला. सहा महिने मंगळवारी-शुक्रवारी विरारला केळी पोचवून मी तुझ्या घरी येतो. सासूबाईंना मी शपथ घातली होती. गाभा माझ्या वाडीतला, मलमल आईच्या जुन्या साडीची. तुझ्यासमोर आलो असतो तर तू कारण विचारलं असतंस, आणि मला खोटं बोलता येत नाही. तुला छान येतं.

कारण आता सांगतो. बाप्तिस्म्याच्या पहाटे कार्मिनचं पोटातलं पाचव्या महिन्यात गेलं. तिसऱ्यांदा. तुझ्या बाळाच्या चांगल्या दिवशी हे कुणाच्या कानावर जाता कामा नये, असं तिनं माझ्याकडून वदवून घेतलं. लोंगरांचा निरोप तिनंच सुचवला. तिचा शब्द मी आज मोडतो आहे, कारण तुलाही दुखावं असं मला वाटतं.

तुझं पत्र तिनं फोडलं. तेव्हापासून ती मला शिडीवर चढू देत नाही. तीन गेली, आता तुमची पाळी, एवढंच म्हणते. दात खोटा आहे हे सांगायचं तर मी तुझ्या बाळाला खेळवायला जातो हेही सांगावं लागेल, आणि ते सांगायची माझी छाती नाही. मामानं भाच्याला चांदीची वाटी दिली की संकट टळतं, म्हणून तिनं पेटीतून ही काढून दिली. पहिल्या खेपेला, दिवस राहिले तेव्हा तिनं हौसेनं घेतलेली.

तुझा सूड पुरा झाला. वाटी सांभाळ.
फर्डिनंड


मनवेलपाडा, विरार
१७ मार्च, संध्याकाळ

सौ. कार्मिनवहिनींस,
क्लेमेंटीनचा सा. न., स्वीकारावासा वाटला तर.

पोस्टाला दोन दिवस लागतील, म्हणून हे पत्र आल्बर्टचे बाबा जेम्स घेऊन येताहेत. ते दारात उभे असतानाच वाचा. वरचे दात आलेले नाहीत. मी खोटं लिहिलं. आल्बर्टला खालचा एकच दात आहे, दादाच्या केसालाही धक्का लागणार नाही. मला दादाला रडवायचं होतं, आणि मी तुम्हाला रडवलं.

त्या पहाटेचं दादानं मला सांगितलं. त्याच्यावर रागावा, मी आहेच जोडीला. हा माणूस सहा महिने तुमच्यापासून आणि माझ्यापासून चोरून येतो, माझ्या पोराच्या हिरड्या थंड करतो आणि मला सुखानं त्याला शिव्या देऊ देतो. माझा राग संपलेला नाही. फक्त तो धरावा कुणावर, ते आता सुचत नाही.

वाटी परत करायला निघाले होते. पण आल्बर्टनं तिची कड हिरड्यांत धरली आहे आणि ओढली की रडतो. मी ती सोडवणार नाही. तुम्ही या. पाहिजे तर त्याच्या तोंडातून काढून घ्या, नाहीतर तिच्यातून त्याला पहिला घास भरवा. दोन्हींपैकी जे कराल ते मी उभी राहून बघेन, आणि मध्ये एक शब्द बोलणार नाही.

माया ठेवा, असं लिहायला तोंड नाही. तरी लिहिते.
तुमची क्लेमेंटीन