धुळीवर ढकललं

२ एप्रिल, अहमदपूर
श्वास घेतला की नाक शिट्टी मारतं. आई हसते, कुकर म्हणते. पुण्याहून घरी येऊन महिना झाला, कंपनीला तब्येतीचं कारण कळवलंय. घरात आई-अण्णा सगळ्यांचं एकच, दुष्काळाची धूळ. बरं झालं. धूळ कुणाला उलटून बोलत नाही.

४ एप्रिल, लातूर
नाकाचे डॉ. केबिनमध्येच बाकावर पुढचे तीन पेशंट. उदगीर जिल्हा होणार की नाही, वाद चाललेला. डॉ.नी नाकात बघितलं. मधल्या पडद्याला भोक. बाकावरच्या माना माझ्याकडे वळल्या.
"नाकातून काही ओढता का?"
माझ्या आधी अण्णाच, "साहेब, आमची पोरगी चहासुद्धा पीत न्हाई."
मी म्हणाले, सर्दीचा स्प्रे जास्त मारायचे. कसं सुचलं कुणास ठाऊक.
ऑप. लागणार. इथं पाण्यावाचून ऑपरेशनं थांबलीत, म्हणून नांदेडला चिठ्ठी.

५ एप्रिल
पावडर पुण्यात लागली. रूमवरच्या मुली, शनिवार. मग शनिवार काय न् सोमवार काय. उरलेली पर्सच्या अस्तरात आहे. टाकणार होते. आईवर उगाच खेकसले, मग संध्याकाळी ओढलीच. रक्त आलं.
आई, "उन्हानं घोळणा फुटला गं, कांदा हुंग."
हुंगत बसले. लाज वाटली. लई वाटली.

८ एप्रिल, नांदेड
इथं डॉक्टर मॅडम, पण बाक तसाच भरलेला. हळू बोलल्या, "हे धुळीचं नाही. पावडर घेत असशील तर सांग. निदान तीन आठवडे बंद नसेल तर भूल देताना जीवावर बेतेल."
बाकावरचे पुढं वाकलेले. "नाही, मॅडम."
अण्णा उठलेच. "माझ्या पोरीवर आळ घेता? चल माय."
एस.टी.त लोह्याला अण्णांनी तिकिटं घडी करून खिशात ठेवली. मग, "हैदराबादला जाऊ. तिथं तरी माणूस वळखणारा डॉक्टर असंल."
मी खिडकीकडे तोंड केलं.

१४ एप्रिल
जयंती. अण्णा पांढऱ्या कपड्यांत, भेटेल त्याला, "ही आमची पोरगी, पुण्याला इंजिनिअर हाय." ऐकवेना. घरी आल्यावर सांगून टाकलं. पुण्यात घ्यायचे, एवढंच.
अण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. ओरडले असते तर बरं होतं.
"आता सुटलं ना, माय?"
"हाव. इथं आल्यापासून."
सकाळीच ओढली होती.

१६ एप्रिल, नांदेडहून परत
अण्णांनी मॅडमपुढं हात जोडले. सगळ्या बाकासमोर. "चुकलं माझं. पोरीनं सांगितलं मला. महिना झाला सोडून."
मॅडमनी मला विचारलं, खरं? या वेळी अण्णा मधे बोलले नाहीत. माझ्याकडे बघत राहिले.
हो म्हणाले.
परवा सोमवारी ऑप.
येताना अण्णा माझ्या खांद्यावर झोपले. आठवडाभर डोळ्याला डोळा लागला नव्हता त्यांचा. मॅडमचा नंबर फाईलवर आहे. घरी आल्यावर गच्चीत जाऊन लावला. त्यांनी हॅलो म्हटलं. मी कापला.
त्यांचाच फोन परत येतोय. वाजून राहिला