चौथी पिन

मी, पंडित सोपान गदळे, वय पंचाहत्तर, राहणार केज, हवाई दलात विमानांना बॉम्ब चढवणारा माजी कारागीर, हे मृत्युपत्र कुणाच्या दाबाखाली न येता स्वतःच्या हाताने लिहितो. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघे लागत नाहीत.

१. राहतं घर पत्नी भिवराबाईचं, ती आहे तोवर. तिच्यामागे अभिमन्यू आणि दिपाली या लेकरांना निम्मं निम्मं. दिपालीपुढे कुणी हक्कसोडीचा कागद धरला, तर तो चुलीत घालावा.

२. पान्यांची पेटी अभिमन्यूला. मेव्हणे आप्पाराव यांना त्यातलं काही देऊ नये. बारा-तेराचा पाना त्यांच्या विहिरीत आहे, हे त्यांनाही ठाऊक आहे.

३. दर सोळा डिसेंबरला, विजय दिनी, शाळेत माझा सत्कार होतो. त्या एकोणीस शाली ट्रंकेत आहेत. त्या ऊसतोडीला निघालेल्या म्हाताऱ्या माणसांना द्याव्यात. त्या माझ्या नव्हेत, कारण खाली.

४. पिन. एकाहत्तरच्या लढाईत आमच्या स्क्वाड्रनची विमानं दिवसाला तीन-तीन खेपा करत. विमान उतरलं की तेल भरायचं, तोफेच्या गोळ्यांचे पट्टे चढवायचे, ट्रॉलीवरून बॉम्ब आणून पंखाखाली टांगायचे. थोड्याच वेळात परत आभाळात. प्रत्येक बॉम्बला लाल फितीची एक पिन. ती काढली नाही तर बॉम्ब सुटतच नाही. म्हणून काढलेल्या पिना उंच धरून वैमानिकाला दाखवायच्या. चार बॉम्ब, चार पिना. त्याने अंगठा दाखवला की विमान हलणार.

त्या सकाळी कामाच्या फळ्यावर विमान बंकटच्या नावावर होतं. बंकट मारुती चाळक, आमच्याच आळीतला. भरतीला आम्ही एकाच एसटीने गेलतो. त्याचे डोळे मिटत होते. मी म्हणालो, "जा बे, चहा पिऊन ये. मी बघतो." आधीच्या विमानाची एक पिन घाईत माझ्या खिशात राहिली होती. या विमानाच्या मी तीनच काढल्या, खिशातली नकळत मिळून चार दाखवल्या. अंगठा मिळाला. विमान परतलं ते एक बॉम्ब पंखाला तसाच लटकवत. वैमानिक जीव मुठीत धरून उतरला.

चौकशीत फळ्यावरचं नाव बघितलं गेलं. बंकटला विमानांपासून उठवून कोठारात धाडलं. मी बोलेन म्हणून तो गप्प राहिला, आणि मी बोललो नाही. वर सुट्टीला आल्यावर ही गोष्ट बंकटची फजिती म्हणून पारावर मीच हसून सांगितली. तेव्हापासून गाव त्याला 'पिन्या' म्हणतं. नातवंडंसुद्धा.

घरातून निघताना अजून मी खिसे चाचपतो. भिवराबाई विचारते, "कावून चाचपताय? काय हरवलं?"

"हरवलं न्हाई. जास्तीचं काय राह्यलंय का बघतो."

५. कलम चार माझ्या तेराव्याला सर्वांसमोर वाचावं.

वरचं वाक्य मी खोडलं आहे, खोडीवर सही आहे. मेल्यावर वाचायला लावणं म्हणजे दुसऱ्यांदा लपणं. परवा शाळेत, शाल घेण्याआधी, मीच वाचीन. खिशातली ती जास्तीची पिन मी अजून ठेवली आहे, ती बंकटच्या हातात देईन. ठेवावी की माझ्या तोंडावर फेकावी, ही त्याची मर्जी. तोवर श्वास पुरला नाही तर दिपालीने वाचावं. अभिमन्यू शब्द मऊ करील.

हे लिहून, वाचून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

पंडित सोपान गदळे
केज, जि. बीड
दि. १४ डिसेंबर २०२५

साक्षीदार:

१. बिभीषण रंगनाथ तपसे, निवृत्त शिक्षक, शेजारी.

२. बंकट मारुती चाळक. सगळं वाचून सही केली. चोपन्न वर्षं झाली, चहा पार गार झाला. परवा मी पुढच्या रांगेत बसणार हाय. चष्मा विसरलो म्हणू नको बे.