फेलेकला फेलेक म्हणणारं माणूस

प्रिय स्तेफास,

थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद. तुझे गुडघे कसे आहेत? श्चेचिनची ओल तुला मानवणार नाही, हे मी तुझ्या लग्नाच्या वेळीच सांगितलं होतं (नवरा चांगला होता, ओल वाईट). नातू चालायला लागला का? इकडे देवाच्या कृपेने सगळं ठीक आहे. थंडीमुळे कोंबड्या अंडी देत नाहीत, चर्चचा बॉयलर अधूनमधून रुसतो, आणि आपला भाऊ फेलेक जिवंत आहे. तू विचारणार नाहीस म्हणून मीच सांगते. फोनवर सांगितलं असतं, पण त्याचं नाव निघालं की तुझं दूध उतू जातं आणि फोन ठेवावा लागतो. पत्राला ती अडचण नाही.

फेलेक या गावचा पाद्री झाला आणि मी त्याचं घर सांभाळायला आले ती त्याला फेलेक म्हणतच आले. ज्याला लहानपणी मी अंगणातल्या टबात बसवून घासलं, त्याला दुसरं काय म्हणणार? बाकी गाव त्याच्याशी रीतीप्रमाणे बोलतं, म्हणजे तो समोर नसल्यासारखं: फादर बसतील का, फादरांना साखर किती. त्याला माझी हरकत नाही. पण नाताळच्या आधी ऑर्गन वाजवणाऱ्याची बायको क्लिमेकबाई माझ्या स्वयंपाकघरात आली आणि हातमोजे न काढताच बसली (म्हणजे विषय गंभीर होता). म्हणाली (गावात मला लोजा कोणी म्हणत नाही), "लेओकाद्याबाई, रागावू नका हं. पण परवा अंत्ययात्रा चालली असताना तुम्ही फाटकातून 'फेलेक, टोपी घाल!' म्हणून ओरडलात. गेलेल्या माणसाच्या मुलीला हसू फुटलं, बिचारीला रुमाल तोंडाशी धरावा लागला. फादरांचा काही मान आहे की नाही?" बाई खोटं बोलत नव्हती. मुलगी हसली होती, मी पाहिलं होतं.

तेव्हा मी ठरवलं, आता चारचौघांत आणि घरातही एकच भाषा, नाहीतर जीभ घसरते. त्याच संध्याकाळी विचारलं, "फादर बीटचं सूप घेतील का?" फेलेकने मागे वळून पाहिलं, कोण पाहुणे आलेत म्हणून. मग सूप प्यायला. पुढे मला कळलं की या भाषेत तो माझं काहीच ऐकत नाही. "फेलेक, मोजे!" एवढ्याने पूर्वी काम होत असे. "फादरांनी लोकरीचे मोजे घालावेत" म्हटलं की तो बिशपांचं परिपत्रक ऐकावं तशी मान डोलावतो आणि तसाच बाहेर पडतो. जानेवारीत घरोघरी आशीर्वाद द्यायला बर्फातून हिंडला आणि खोकला घेऊन आला. डॉक्टरांनी छातीसाठी गोळ्या दिल्या आहेत. "फादरांनी गोळी घेतली का?" विचारलं तर म्हणाला, "घेतली असावी," जणू मी शेजारच्या गावातल्या फादरांची चौकशी करत होते. हळूहळू त्याने संध्याकाळी स्वयंपाकघरात येऊन बसणंही सोडलं. मला वाटलं, मानाने वागवलं म्हणून माणूस मानाने राहायला लागला. क्लिमेकबाई मात्र खूश होती. रविवारी तिने मला खसखशीचा केक आणून दिला.

मग परवाची गोष्ट. फेलेक आमच्या दारासमोरच्या चर्चच्या छपराखाली उभा राहून ऑर्गनवाल्याला काहीतरी समजावत होता. मी आणि क्लिमेकबाई खिडकीत होतो. उन्हाने छपरावरचा बर्फ सुटायला लागला होता, मला तो सरकताना दिसला. मी खिडकी उघडली. स्तेफा, तोंडात फेलेक आलं होतं. पण शेजारी क्लिमेकबाई. मी ओरडले, "आदरणीय फादरांनी कृपा करून जरा..." क्लिमेकबाई किंचाळली, "अहो बाई, आटपा लवकर!" तेवढ्यात सगळा बर्फ खाली आला. ऑर्गनवाला तरुण, तो उडी मारून सुटला. फेलेक कमरेपर्यंत बर्फात बसला होता आणि माझ्याकडे बघत होता.

हाडं शाबूत आहेत, खांदा तेवढा सुजला. मी त्याचे पाय गरम पाण्यात सोडले, चहात रासबेरीचा रस घातला. त्याने अर्धा चहा संपवला. मग म्हणाला, "लोजा, माझं काय चुकलं ते एकदा सांगून टाक ना." मी म्हटलं, कशाचं? "नाताळपासून तू माझ्याशी परक्यासारखी बोलतेस. मी सगळं आठवून पाहिलं. कबुलीजबाबालासुद्धा जाऊन आलो, पण पाप कोणतं तेच सांगता येईना." मला रडू आलं, लपवत नाही. क्लिमेकबाई भांडी पुसत होती, ती पुसलेलीच परत पुसायला लागली. जाताना दारात म्हणाली, "अंत्ययात्रेत तेवढं नको. बाकी तुमचं तुम्ही बघा."

तेव्हापासून मला आईला पुरलं त्या वेळचं आठवतंय. दफनभूमीच्या फाटकाशी फेलेक सगळ्यांचे हात हातात घेत होता. तुझी पाळी आली तेव्हा तुझाही हात धरून म्हणाला, "बाई, आपल्या दुःखात मी सहभागी आहे." तू हात काढून घेतलास आणि थेट स्टेशन गाठलंस. बरोबरच केलंस, मीही तेच केलं असतं. त्यानंतर नाताळला त्याला तुझं कार्ड येतं ते 'परमपूज्य फादर' यांना. कार्डं तो कपाटावर मांडतो, पण नुसती चित्रं दिसतील अशी.

असो. तब्येतीला जप. नातवाला पापा.

तुझी,
लोजा

ता. क. फेब्रुवारीत माझ्या खुब्याचं ऑपरेशन आहे. तेवढे दिवस तू इथे यावंस. स्वयंपाकाला नको, तो क्लिमेकबाई करेल आणि तुझ्यापेक्षा चांगला करेल. तू फक्त त्याला फेलेक म्हणायचं, म्हणजे तो गोळ्या घेईल.

ता. क. ऑपरेशनला मी घाबरत नाही. पण माझ्या वयात भूल दिलेलं माणूस उठतंच असं नाही. मग त्याला नावाने हाक मारणारं या जगात तुझ्याशिवाय कोणी उरणार नाही.

ता. क. तू येणार असं मी त्याला सांगून टाकलं आहे. दार तोच उघडेल. दोन दिवस आरशासमोर काहीतरी पाठ करतोय आणि सुरुवात अजून 'बाई, आपण' अशीच होते. त्याने तोंड उघडायच्या आत तूच हाक मार. तो फार घाबरला की असं बोलतो, स्तेफा. आईच्या वेळीही तो घाबरलेलाच होता.