यम्माने ओळखलं नाही

आयत उझ्लीम छावणी,
१४ मे १९५९

ती. बेलाईददादास,
धाकट्या दाह्बियाचा सलाम. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. उघडूनच पोचलं, त्यामुळे तुझ्या सर्दीची काळजी आता कचेरीतल्या साहेबांनाही लागली असेल. त्यांनाही माझा सलाम.

इथे आम्ही ठीक आहोत. आम्ही म्हणजे यम्मा आणि मी. पत्र्याखाली दुपारी जीव नकोसा होतो आणि शेजारच्या फरूजामावशीचं घोरणं भिंतीतून जसंच्या तसं येतं. वर गावात प्रत्येकाला आपापलं अंगण होतं, इथे सगळ्या गावाला मिळून एक नळ. यम्मा तिथे रोज भांडते. परवा तिने मावशीला विचारलं की बाई गं, तुझा हंडा आहे की विहीर, आम्ही काय ईदेपर्यंत उभं राहायचं? बायका हसल्या. म्हणजे आपल्या आईची तब्येत उत्तम आहे असं समज.

तिला आता एकच ध्यास, अंजिरं. पुढच्या महिन्यात नर-अंजिरांच्या माळा झाडांवर चढल्या नाहीत तर सगळं फळ हिरवंच गळून जाईल. हे तुला सांगायला नको, पण ती मला रोज सांगते, म्हणून मी तुला सांगते. वरचं गाव फ्रेंच लष्कराने रिकामं केल्यापासून तिथे पाऊल टाकायला बंदी आहे, दिसेल त्याला गोळी. तरी यम्माने कप्तानसाहेबांकडे एका दिवसाची परवानगी मागितली आहे. मागताना आवाज असा, की साहेबच तिचं काही देणं लागतात.

लूनिसकाका येऊन गेले. त्यांच्या तावूसच्या आणि आरेझकीच्या लग्नाचं काय ठरवलंत म्हणून विचारत होते. यम्मा म्हणाली, अंजिरं वाळवून झाली की बघू. आपला आरेझकी घरी नाही. तो कुठे आहे ते आम्हाला ठाऊक नाही.

गळ्याला मफलर बांधत जा. थोरल्याने धाकटीवर माया करायची असते, ती चालू ठेव.
तुझी,
दाह्बिया


पॅरिस,
२६ मे १९५९

चि. दाह्बियास,
अनेक आशीर्वाद.

सर्दी गेली. कारखान्यात मोटारींना दारं बसवायचं काम तेच, मुकादम तोच, त्याच्या तोंडाचा वासही तोच. खोलीत आम्ही सहा जण, सगळे आपल्याच डोंगरातले. रविवारी कुसकुस करायची पाळी माझी होती. रवा वाफेवर ठेवून पत्ते खेळत बसलो, त्याची पेज झाली. रमदान म्हणाला, तुझ्या आईला कळलं तर ती समुद्र पोहून येईल आणि तुला चमच्याने मारेल. मी म्हटलं, येऊ दे.

कॅफेत आपल्या नदीपलीकडच्या गावचा एक जण भेटला. तुमची खुशाली विचारली तर तो कॉफीत बघत बसला. मग म्हणाला, आई बरी आहे तुझी. मी म्हटलं, आणि बाकीचे? तर त्याला एकदम बसची आठवण झाली.

दाह्बिया, तीन पत्रांत तू आरेझकीबद्दल, आपल्या भावाबद्दल, तीच दोन वाक्यं लिहिलीस. एक शब्दसुद्धा बदलला नाहीस. तू लहानपणी खोटं बोलायचीस तेव्हाही असंच पाठ म्हटल्यासारखं बोलायचीस. वडील गेल्यापासून घरातलं बरंवाईट आधी माझ्या कानावर यायला हवं.

अक्लीमामाला माझा सलाम सांग. तो माल आणायला अल्जियर्सला जाईल तेव्हा त्याच्याबरोबर माझ्यासाठी काहीतरी पाठव. काय ते तुला कळेल.

यम्माची नळावरची भांडणं कमी होऊ देऊ नकोस. पाठीवर हात आहेच माझा, लांबून का होईना.
तुझा,
बेलाईद


आयत उझ्लीम छावणी,
७ जून १९५९

ती. दादास,
सलाम. वि. वि.

अक्लीमामा उद्या निघतोय. हे पत्र तो अल्जियर्सच्या पेटीत टाकेल.

दादा, आरेझकी गेला. एप्रिलात गेला. बसून वाच असं आधी लिहायला हवं होतं, ते राहून गेलं.

त्या दिवशी सकाळी भोंग्यावरून सगळ्यांना चौकात बोलावलं. डोंगरात फ्रेंचांशी लढताना मेलेल्या चार जणांना आणून जमिनीवर ठेवलं होतं. आम्हाला रांगेत उभं केलं आणि एकेकाला पुढे नेऊन दुभाष्या विचारत होता, ह्यातला कुणी ओळखीचा आहे का. तिसरा आरेझकी होता. दाढी वाढली होती आणि अंगावर कुणाचा तरी मोठा कोट होता. यम्मा त्याच्यासमोर थांबली. पहिल्या दोघांसमोर थांबली होती तेवढीच थांबली. मग म्हणाली, हाही नाही ओळखीचा. चौथ्याला बघून झाल्यावर तिने दुभाष्याला विचारलं की जाऊ का आता, चुलीवर मसूर आहे, करपेल.

मी तिच्या मागेच होते. मीही नाही म्हटलं. माझं मला सुचलं की तिचं ऐकून म्हटलं, ते आठवत नाही.

का, ते तुला कळलं असेल. हिवाळ्यात मावशीच्या सुनेने असंच आपल्या नवऱ्याला ओळखलं आणि हंबरडा फोडला. तिच्या थोरल्या मुलीला चौकशीला नेलं. मुलगी परत आली, पण आता ती कुणाशी बोलत नाही, कोपऱ्यात बसून असते. आमच्या घरात नेण्यासारखी मीच होते. यम्माने गेलेल्याला सोडलं आणि राहिलेलीला धरलं.

त्यांना शाळेमागे खड्ड्यात पुरलं. आंघोळ नाही, कफन नाही. आम्ही घरी येऊन मसूर खाल्ली. ओळखच दाखवली नाही, मग आक्रोश कसला करणार? तिसऱ्या दिवशी लोकांना कुसकुस वाढायची, तीही नाही. चाळीसावा आला तेव्हा मी कपडे धूत होते. मला रडू आलं नाही, अजून येत नाही. पायाला मुंग्या आल्यावर चिमटा काढला तरी कळत नाही, तसं सगळं अंग झालं आहे.

बाहेर ती खोटं बोलते ते मी समजू शकते. पण ती घरातही तेच बोलते. एकदा भाकरी थापताना, आजूबाजूला चिटपाखरू नसताना मी म्हटलं, यम्मा, आता कुणी ऐकत नाही. तर म्हणाली, कुणाचं पोर होतं गं ते बिचारं? आणि पीठ पातळ भिजवलं म्हणून मलाच ओरडली.

हे असंच चाललं असतं तर मी तुला कळवलंही नसतं. पण तावूस अडकली आहे. तिला तिझी शहरातल्या एका गवंड्याची मागणी आली आहे. माणूस चांगला आहे, काम करतो, मारहाण करणाऱ्यातला नाही. लूनिसकाका त्याला जुलैपर्यंत थोपवून धरतील, पुढे तो थांबणार नाही. आपल्यात मुलाच्या आईने दिलेला शब्द तिनेच परत घ्यायचा असतो. यम्मा घेत नाही. त्या दिवशी तावूस तापाने फणफणली होती, तिला उचलून आणलं नाही म्हणून तिने काही पाहिलं नाही. ज्यांनी पाहिलं ते आमच्यासाठी गप्प आहेत. ती नळावर मला रोज विचारते, तो आहे ना? असेल तर मी म्हातारी होईपर्यंत थांबेन. मी हंडा भरत राहते. तिला सांगावं तर ती किंचाळेल आणि यम्माचं खोटं उघडं पडेल. न सांगावं तर पोरगी मेलेल्या माणसाची वाट बघत आयुष्य काढेल.

मी काय करू ते लिही. टपालाने लिहू नकोस. माझ्यावर रागावलास तरी चालेल, पण परकी करू नकोस.
तुझी,
दाह्बिया


पॅरिस,
१७ जून १९५९

चि. दाह्बियास,
अनेक आशीर्वाद.

आज मोठी ईद. रमदानच्या वडिलांचं दुखणं वाढलं म्हणून तो घरी निघाला आहे. पत्र त्याच्याजवळ देतो.

तुझं पत्र वाचलं आणि दुसऱ्या दिवशी मी कामावर गेलो. दिवसभर दारं बसवली. सगळी नीट बसली. हेच मला समजत नाही, एखादं तरी वाकडं बसायला हवं होतं. संध्याकाळी खोलीत सांगितलं. रमदानने कुसकुस केली, ती चांगली झाली होती. आम्ही जेवलो, एकाने गेलेल्यासाठी फातिहा म्हटला, मग सगळे झोपले. आरेझकी बावीस वर्षांचा होता आणि मी त्याला शेवटचा पाहिला तेव्हा त्याला मिशी फुटत नव्हती. मी त्याला त्यावरून छळत असे. बास, एवढंच आठवतं.

खरं सांगू, आधी मी यम्मावर चिडलो. पोटच्या पोराला असं कुणी नाकारतं का, असं मोठ्याने म्हणालोसुद्धा. रमदान म्हणाला, तू तिथे असतास तर काय केलं असतंस? तिला माझं काही बोलणं कळवू नकोस. आणि तूही ते 'गेलेल्याला सोडलं' वगैरे मनाला लावून घेऊ नकोस. तू जगलीस ह्यात तुझा काही गुन्हा नाही, वेडे.

तावूसचं म्हणशील तर यम्माची वाट बघत बसायला वेळ नाही. कप्तानाने परवानगी दिली तर माळा चढवायला तुम्ही सगळ्या वर जालच. तिथे तिला जरा बाजूला घे आणि सांग. छावणीपेक्षा ते बरं, भिंतीला कान नसतील. सांग, घरातल्या थोरल्याने तुला मोकळं केलं आहे. रीत मोडली असं कुणी म्हटलं तर माझ्या नावावर घाल, मला इथे कोण धरायला येतंय? आणि आधी तिचं तोंड दाब, मग सांग.

तुम्हा दोघींचं जे काही उरलंसुरलं आहे ते जपा. मी आहे.
तुझा,
बेलाईद


आयत उझ्लीम छावणी,
३० जून १९५९

ती. दादास,
सलाम. वि. वि.

तुझं पत्र वेळेवर मिळालं. अक्लीमामा परत निघालाय, म्हणून घाईत लिहिते.

परवानगी मिळाली. फक्त बायका, एक दिवस, बरोबर शिपाई. सकाळी माळांच्या टोपल्या डोक्यावर घेऊन वर चढलो. गावाबद्दल लिहीत नाही. झाडं आहेत. शिपाई बांधावर बसले, बंदुका मांडीवर, आणि पाव खात आमच्याकडे बघत होते.

मी तुझं सांगणं मनात घोकत होते. तावूस यम्माच्या मागेमागे टोपली धरून चालली होती, तिला बाजूला घ्यायची संधीच मिळेना. यम्मा भराभर माळा फेकत होती, एकही फांदी चुकवली नाही. वडिलांच्या झाडाला बांधल्या. तुझ्या झाडाला दोन जास्त बांधल्या आणि म्हणाली, परदेशात राहून ह्याने फळ धरणं कमी केलंय. फरूजामावशी हसली.

मग आरेझकीचं झाड आलं. तो जन्मला त्या वर्षी वडिलांनी त्याच्या नावाने लावलेलं, यंदा सगळ्यांत जास्त बहर त्यालाच. यम्मा त्याच्यासमोर थांबली. तिच्या हातावर माळा होत्या, टोपलीतही होत्या. आणि ती पुढच्या झाडाकडे गेली.

तावूसला वाटलं, म्हातारी विसरली. तिने हाक मारून सांगितलं की हे राहिलं. यम्मा वळली आणि नेहमीच्या आवाजात, नळावर बोलते त्याच आवाजात म्हणाली, राहू दे, त्याला आता नको, त्याचं गळू दे. मग जवळ आली, तावूसच्या हातातली टोपली काढून घेतली आणि म्हणाली, वडिलांना सांग पोरी, मी शब्द परत घेतला. गवंड्याचं घर मोठं आहे ना? जा तिथे.

दादा, मला तिचं तोंड दाबावं लागलं नाही. ती नुसती उभी राहिली. तिने झाडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि मी मान हलवली. माझ्याकडून एवढंच झालं.

सगळ्या बायकांनी ऐकलं होतं. फरूजामावशी आली आणि माळ मागायच्या निमित्ताने यम्माच्या कपाळाचं चुंबन घेतलं, हळूच म्हणाली, देव तुला सबुरी देवो. मग दुसरी आली, तिसरी आली. एकेक जण यायची, माळ घ्यायची, कपाळाला ओठ लावायची, तेवढं बोलून आपल्या झाडाकडे जायची. कुणी रडलं नाही. बांधावरून एक शिपाई ओरडला की गप्पा पुरे, हात चालवा. यम्माकडच्या माळा संपल्या. आमची चार झाडं त्यामुळे तशीच राहिली, त्यांचंही फळ जाईल.

लूनिसकाका काल येऊन गेले. आले तेव्हा टोपी काढून हातात धरली होती. पुढच्या महिन्यात तावूस तिझीला जाईल. आता ती नळावर मला काही विचारत नाही. माझा हंडा आधी भरू देते.

एक राहिलं. खाली आलो तेव्हा फाटकाशी झडतीसाठी रांग होती. यम्मा माझ्या पुढे होती. मागे न बघता ती म्हणाली, त्या दिवशी तू माझ्या मागे होतीस ना? त्याचे डोळे उघडे होते. मला मिटता आले नाहीत. तू मिटलेस का गं?

ज्याला ओळखत नाही म्हणून सांगितलं त्याचे डोळे मी कशी मिटणार होते, दादा? मी हो म्हटलं. तिने विचारलं, दोन्ही? मी म्हटलं, दोन्ही. ती बरं म्हणाली आणि झडतीसाठी हात वर केले.

तुला कधी तिने विचारलं तर तूही हेच सांग. आपल्या तिघांची माया आता एवढ्यावर आहे.
तुझी,
दाह्बिया