उपटलेले तीन कडुनिंब

सोलापूर, मंगळवार

ती. धुळाप्पामामांच्या पायावर बिरुदेवचं डोकं. मामीचा गुडघा, तुमचा खोकला आणि शेळ्या, सगळं ठीक असेल असं धरून चालतो. (फोनवर तुमी पहिल्या वाक्यालाच भडकता, म्हणून पत्र.)

कॉलेज अर्ध्यात सोडून पोरगं वाया गेलं असं वळसंगभर सांगता, पण मी आता तपासनीस हाय. आपल्या शिवारालगतचा नवा रस्ता सरकारचा, बांधून टोल घेणार कंपनी, आणि दोघांवर नजर ठेवायला तिसरी आमची संस्था. कडेची झाडं जगली तरच कंपनीला पुढचा हप्ता, अशी अट. ती झाडं कंपनीच्या सुकन्या मॅडम सांभाळतात. (मॅडम तोंडानं. मनात नुसती सुकन्या.)

गेल्या आठवड्यात आमच्या संस्थेचे पुण्याचे साहेब पाहणीला आले. एक रोप मला लईच ताठ वाटलं. ओढलं तर अलगद हातात. मूळच न्हाय, ठेकेदाराच्या माणसानं आदल्या दिवशी खोचलेली फांदी. साहेबांनी पाठ थोपटली. तितंच थांबायचं, पण अंगात रक्त तुमचं की मामा, त्याच तावात पुढचे तीन कडुनिंब उपटले. तिन्हींना ही लांब मुळं. सुकन्यानं उन्हाळाभर टँकरवाल्याशी भांडून जगवलेले. अहवालात आलं: खोटं झाड एक, मेलेली झाडं तीन, कारण तपासणी.

ती ओरडली न्हाय. एवढंच म्हणाली, "तुमच्यात लेकरू जितं हाय का ते नाक दाबून बघतात का हो?"

शुक्रवारी फेरतपासणी. झाडं कमी भरली तर हप्ता अडणार आणि तिची बदली थेट नागपूरला. म्हणून तिन्ही पुन्हा लावलेत, रोज सुटलो की कळशीनं पाणी घालतो. काल एकाला पालवी दिसली. तिला सांगितलं, तर आज ती स्वतःची कळशी घेऊन आली. मामा, स्वतःची कळशी. (मी खोटं कधी बोलत न्हाय, हेही तिच्या कानावर घातलंय.)

तुमचा भाचा,
बिरुदेव

ता. क. रस्त्याकडेचा पाला खाणाऱ्या शेळ्या तुमच्या हायत. शुक्रवारपर्यंत ओढ्याकडं चारा.

ता. क. शेळ्या कुणाच्या असं तिनं विचारलं. कुणास ठाऊक, म्हणालो. तेव्हा चंद्रीला तरी बांधूनच ठेवा. मला बघितलं की ती रस्ता ओलांडून येते आणि शर्ट चघळत बसते.

ता. क. पालवी फुटलेल्या रोपानं मूळ धरलंय का ते ओढून बघायला आज हात गेला होता. खिशात घातला.