वाढत्या अंगाचा झगा

स्पेन,
रविवार, १६ फेब्रुवारी

ती. आबा,

तुम्हाला आणि आईला क्रांतीचा नमस्कार. अक्षर लय मोठं झालंय, हसू नका. इथल्या दुकानात जाडच पेन मिळालं.

तुम्ही म्हणाल, परवाच तर फोन झाला. झाला, पण फोनवर तुम्ही "बरं हाय, समदं बरं हाय" म्हणता आणि फोन आईच्या हातात देता. पॅराशूटवाल्या पलटणीत असताना तुम्ही आईला कशी पानंच्या पानं लिहायचात! म्हणून मीही बसलेय लिहायला. सगळं नीट वाचा, अर्ध्यात ठेवू नका.

आज इथं वारा सुटलाय. आमच्या पॅराशूटच्या उड्या बंद, विमान खालीच. नोकरी ठीक चाललीय, इथंही पवनचक्क्यांवरच. चाळकेवाडीच्या पठारावर वारा वाढला की आम्हाला पवनचक्कीवर चढू द्यायचे नाहीत, तोच नियम इथं आहे. फक्त इथला साहेब ओरडत नाही, आपला ओरडायचा. ऊस गेला का? विरूदादाला म्हणावं, टोळीच्या मुकादमाला नुसते फोन करून भागत नाही, जाऊन दारात उभं राहावं लागतं.

आता पार्सलचं. मिळालं.

तुमच्या पलटणीतल्या अर्जुनाकाकांच्या पोरानं त्याच्या दुकानातनं विंगसूट, तो हवेत तरंगायचा सूट, अगदी व्यवस्थित बांधून पाठवला होता. केशरी रंग, हात आणि अंगाच्या मध्ये कापड, दोन्ही पायांच्या मध्ये कापड. आईला फोटो पाठवला तर म्हणाली, "हे वाघळाचं झबलं तुज्या बापानं घेतलं व्हय?" मी लय हसले. पण आबा, केवढा मोठा आहे तो! मला शाळेचा गणवेश आठवला. आई कराडातनं दोन मापं मोठा आणायची. "वाढतं अंग हाय, हुईल बरोबर." मग बाह्या दुमडून, खाली पट्टी मारून मी तो तीन वर्षं घालायचे. मला वाटलं, तुम्हीही तसाच वाढत्या अंगाचा घेतलाय.

माझी ट्रेनर आहे, मार्ता. तिनं सूट उलगडून बघितला आणि विचारलं, "वडील तुझ्यावर रागावलेत का?"

चेष्टा केली तिनं, पण नंतर शांतपणे समजावलं. आपल्याला वाटतं मोठं कापड म्हणजे जास्त आधार. इथं उलटं आहे. जेवढं कापड जास्त तेवढा तो सूट बारीक चुकीवर उसळतो, आणि एकदा गरगर फिरायला लागला की नवख्याला आवरत नाही. म्हणून नवख्याला आधी छोटा सूट. आणि तोही साध्या किमान दोनशे उड्या झाल्यावर. माझ्या अजून दीडशेही नाहीत. त्याच्या आधी नुसत्या अंगानं हवेत आडवं सरकायला शिकायचं, आपण कुठं चाललोय आणि बाकीचे कुठं आहेत हे न गोंधळता कळायला हवं. पॅराशूटही निवांत उघडणारं, मोठं घ्यायचं. ते तेवढं मोठं चालतं!

मग तिनं मला तुमचा सूट घालून हँगरमध्ये टेबलावर पालथं झोपवलं आणि म्हणाली, "मूठ काढ." पॅराशूटला बाहेर ओढणारी छोटी छत्री असते ना, तिची मूठ पाठीवरच्या पिशवीच्या तळाशी असते. तुम्हाला मी काय सांगणार. हात मागं नेला की कापड आडवं यायचं. कधी मूठ लागायची, कधी नुसतं कापड हातात. जमिनीवर, आबा. वारा नाही, घाई नाही, आणि तरी.

इथं खरं तर पत्र संपायला पाहिजे होतं. सूट मोठा आहे, पुढं कधीतरी घालीन, आभारी आहे, इतकंच.

पण माझ्या डोक्यात दोन दिवस वेगळंच चाललं होतं. एप्रिलमध्ये तुम्ही आणि आई येताय. सोसायटीच्या कट्ट्यावर तुम्ही सांगून बसलाय की पोरगी पाखरागत उडणार आणि मी डोळ्यांनी बघणार. मी ठरवलं होतं, मार्ताला पत्ता लागू द्यायचा नाही, दुसऱ्या मैदानावर जायचं, उड्यांचा आकडा खोटा सांगायचा आणि तुमच्यासमोर एकदा तो सूट घालून उडायचं. एकदाच. का, ते विचारू नका.

बरं, विचाराच.

रेश्मावहिनीवर रागवायचं नाही, मीच तिला खोदून खोदून विचारलं. तुम्ही बुलेटवरनं उसाच्या ट्रॉलीला बाजूनं जाऊन धडकलात, बुलेट आता विरूदादा चालवतो आणि मिरजेच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितलाय, गेलेली नजर परत येत नाही म्हणून. आणि तुम्ही अर्जुनाकाकांच्या पोराला म्हणालात, "मोठ्यात मोठा दे, आन भडक रंगाचा. खालनं दिसला पायजे."

वाढत्या अंगाचा नव्हता तो. तुमच्या डोळ्यांच्या मापाचा होता. वहिनीनं फोन ठेवल्यावर मी त्या सुटावर डोकं ठेवून रडले.

आबा, मला भीती वाटते. सुटाची नाही. मी नियमानं गेले तर उडायला पुढचं वर्ष उजाडेल, आणि तोवर तुम्हाला काय दिसत असेल ते डॉक्टरही सांगत नाहीत. म्हणूनच खोटं बोलायला तयार झाले होते.

मला थांबवलं ते तुम्हीच. आग्र्याचा तुमचा तो किस्सा, दर दिवाळीला सांगता तो. मोठे पाहुणे बघायला आले होते, खुर्च्या मांडल्या होत्या, आणि वारा वाढला म्हणून तुम्ही पोरांना विमानातनं सोडलं नाही. साहेब तापला. तेव्हा तुम्ही म्हणालात, "पाव्हणं खुर्चीवर बसल्यात म्हणून मी पोरं वाऱ्यात सोडू व्हय?" आम्ही पोटभर हसायचो.

आता खुर्चीवर तुम्ही बसलाय, आबा. आणि मी तुम्हाला तेच सांगतेय.

मी एप्रिलमध्ये तो सूट घालणार नाही. पुढच्या वर्षी मार्ताचा छोटा सूट घालून उडेन, खालून टिचभर दिसेल असा. तुम्हाला दिसेल का, मला माहीत नाही. कितीही लिहिलं तरी हे गोड होत नाही, म्हणून तसंच लिहिलंय. तुम्ही रागावलात तरी चालेल, पण डोळ्यांत थेंब रोज घाला. वहिनीकडून मी हजेरी घेणार आहे.

आणि एप्रिलमध्ये याच. तिकिटं मोडायची नाहीत. मी साधीच उडी मारीन, पण मैदानाच्या कडेला आईच्या शेजारी बसा. आग्र्याला तुम्ही वर असायचात, म्हणून तुम्हाला माहीत नाही. आईनं कधी एकदाही वर बघितलं नाही. मला मांडीवर घेऊन खाली मान घालून तांदूळ निवडत बसायची आणि कान वर लावलेला. पॅराशूट उघडल्याचा आवाज आला की म्हणायची, "उघडलं," आणि पुन्हा खडे वेचायला लागायची. एवढी वर्षं तिनं तुम्हाला नुसतं ऐकलंय. कसं ऐकायचं ते ती तुम्हाला शिकवेल.

सूट घडी घालून कपाटात ठेवलाय. कुणाला देणार नाही. आईच्या हिशेबानं दोन-तीन वर्षांत बरोबर बसेल.

पेन जाड मिळालं हे खोटं आहे. मुद्दाम शोधून आणलं. इथून पुढं याच पेनानं लिहीन, आणि अक्षर लागेल तेवढं मोठं करत जाईन.

उशिरा उडणारी, पण उघडल्याचा आवाज दर वेळी तुम्हाला ऐकवणारी,
तुमची
क्रांती