चादरीचं दुसरं टोक

माय, आज सकाळी माझ्या हातातून चहाचा कप सुटला. स्टीलचा होता म्हणून फुटला नाही, पण फरशीभर चहा झाला आणि मी तो न पुसता तिथंच बसून राहिले. दुसऱ्या कोणाला सांगावंसं वाटेना, म्हणून तुला लिहायला घेतलं. शाळेतली मराठी हाताला बसली आहे, पुस्तकी वाटली तर हसू नको. डॉक्टर म्हणतात, उजव्या मनगटातली नस दबली आहे. बोटांना मुंग्या येतात, पकड मध्येच सुटते. पुढच्या महिन्यात दक्षिणेतल्या ट्रॅकवर मोटारसायकल चालवायला जायचं आहे, दरवर्षी जाते तसं, आणि येणार की नाही हे तिथल्या माणसाला आज संध्याकाळपर्यंत कळवायचं आहे. परवा डॉक्टर म्हणाले, "वळणाच्या तोंडाशी ब्रेक दाबताना बोटांनी दगा दिला तर?" मी "बघू" म्हटलं आणि नांदगाव पेठेची बस धरून कामावर गेले. एक फोन करून नाही म्हणायचं, एवढंच काम आहे. पण हा हात तू घडवलेला आहे, माय, म्हणून दुपारपासून मोबाइल नुसताच घेऊन बसले आहे.

आपण वरठी, गावाचे कपडे धुणारे. गावातले कपडे केव्हाच सुटले होते. अमरावतीत आलो तेव्हा एका खासगी दवाखान्याच्या चादरी तू धुवायला आणायचीस. ती वर्षंच तशी होती. खेड्यापाड्यातून जीपमध्ये आडवं टाकून माणसं आणत, फवारणीचं औषध प्यालेली, आणि त्यातली किती परत जात हे आपल्याला गठ्ठ्यावरूनच कळे. सोडा घालून उकळल्या तरी त्या चादरींचा वास जात नसे. तू नाकाला पदर बांधायचीस आणि मला म्हणायचीस, "तोंडानं श्वास घे, अन् पीळ." नालीकडे तोंड करून आपण दोघी शेजारी उभ्या राहायचो, मध्ये ओली चादर आडवी. हौदाच्या बाजूचं टोक तुझं, फाटकाच्या बाजूचं माझं. तू अंगाकडे पीळ द्यायचीस, मी पुढे. कोणी ठरवलं होतं कोण जाणे, पण मी लहान होते तेव्हापासून तसंच. पाणी खाली नालीत पडत राहायचं. कोणाची चादर असेल, हे मी एकदाच विचारलं होतं. "आता धुतली नं? मंग आता कोणाचीच नाही," म्हणालीस. मला ते तेव्हा फार कठोर वाटलं होतं, आज वाटत नाही.

गाडीचं वेड मामानं लावलं. त्याचं गॅरेज दर्यापूर रोडला, आणि दुरुस्त झालेली गाडी मागच्या पडीक वावरात फिरवून बघायचं काम माझ्याकडे. मातीच्या ट्रॅकवर शर्यती होतात, मुलीसुद्धा उतरतात, हे त्यानंच सांगितलं. तुला कळलं तेव्हा तू धोपटणं आपटून म्हणालीस, "हात मोडला तं चादरी कोण पिळन? तुया मामा?" मामा हसला, पण मला ते लागलं, कारण खोटं नव्हतं. तरी मी जायचे. थोड्या फेऱ्या झाल्या की माझा कोपरापासूनचा हात दगडासारखा व्हायचा, बोटं उघडायची नाहीत. मला वाटे, आपण वरठ्याची पोर, आपल्या मुठीला कोण हरवणार? मामानं सायकलच्या ट्यूबचं कडं कापून दिलं, बोटांवर चढवून आतून ताणायला. म्हणाला, "तुले फक्त आवळता येते, उघडता येत नाही." मग काठीला दोरीनं वीट बांधून ती काठी फिरवत वर घ्यायची, सावकाश खाली सोडायची. बादलीत ओली रेती घेऊन त्यात पंजा खुपसायचा आणि आत मूठ उघडायची. गाडीवर गुडघ्यांनी पेट्रोलची टाकी दाबून धरायची, म्हणजे अंगाचा भार मनगटावर येत नाही. तू येता-जाता बघायचीस. "काय माती कालवून राहिली वो? दोन गठ्ठे पडले हायेत तिथं!"

एका रविवारी तू मामाचा डबा घेऊन गॅरेजवर आलीस. मी वावरात गाडी फिरवत होते आणि वळणातून निघताना पुन्हा पुन्हा ॲक्सिलरेटर कमी पडत होता. मामा वैतागला. मला खाली उतरवून माझं मनगट हातात घेतलं, पुढे वळवलं, मागे वळवलं. "हे पाह्य. पुढं जाते तं लोखंड. मागं घेताना लेचंपेचं. सारी जिंदगी एकाच बाजूनं पिळलं ह्या पोट्टीनं. गाडीची मूठ तं अंगाकडं फिरवा लागते." तू डबा ठेवलास, कडी लावली आहे का बघितलं आणि निघून गेलीस. तू ऐकलंस की नाही तेही मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी गठ्ठा उकळून झाला आहे, मी फाटकाच्या बाजूला माझ्या जागी उभी आहे, आणि तू चादर उचलून माझ्याच बाजूला येतेस.
"सरक तिकडं."
"काहून?"
"सरक म्हटलं तं सरक. सारं इचारलंच पाहिजे काय?"
मी हौदाकडे जाते. आता माझा पीळ अंगाकडे आणि तुझा पुढे. इतकी वर्षं अंगाकडे पिळणाऱ्या तुझ्या हाताला ते जमत नाही, चादर निसटते, अर्धी ओलीच राहते. तू शिवी हासडतेस, मला की चादरीला ते समजत नाही, आणि पुन्हा टोक धरतेस. पहिले काही दिवस चादरी ओल्या गेल्या म्हणून दवाखान्याच्या बाईनं तुला उभं करून बोल लावले. तू घरी येऊन म्हणालीस, "हवाच दमट हाये, त्याले मी काय करू." आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फाटकाच्या बाजूला जाऊन उभी राहिलीस. शर्यतीबद्दल, गाडीबद्दल एक शब्द नाही. तोंडानं तू मला कधीच जा म्हणाली नाहीस.

अकोल्याच्या मैदानावर शर्यतीत मी दुसरी आले. हात शेवटपर्यंत माझा राहिला, दोन बोटं ब्रेकवर, बाकीची सैल. दक्षिणेतल्या सरावाच्या शिबिरासाठी माझी निवड झाली तेव्हा मामा मैदानात नाचला, आणि तू दोरीच्या पलीकडे उभी राहून शेजारच्या बाईला सांगत होतीस, "मायी हाये थे. कपडेही चांगले पिळते."

शिबिरातून परत आले त्या दिवशी तू स्वयंपाकघरात हळदीचा डबा माझ्यापुढे केलास. "झाकण उघडून दे वो." मला गंमत वाटली. तुझ्यासारखी बाई झाकणाला हरली म्हणून मी चिडवलंसुद्धा. मग तू भाकरी थापायला बसलीस आणि मी पाहिलं, तू तळव्याच्या कडेनं थापत होतीस, बोटं वर उचललेली. मुंग्या येतात म्हणालीस. केव्हापासून, तर "झाले काई दिवस." मी म्हटलं, चल, उद्यापासून आपापल्या जुन्या जागी उभ्या राहू. "आता काय फायदा? तुया हाताले वळण बसलं नं? मंग झालं तं." मला इतका राग आला तुझा! कोणी सांगितलं होतं तुला? मी मागितलं होतं का? भांडले मी, तू भाकरी उलटवत राहिलीस. पुढे पिळायचं काम शेजारणीकडे गेलं, आणि दोन पावसाळ्यांनंतर साध्या तापाचं निमित्त होऊन तू गेलीस. शेवटी पाण्याचा ग्लास दोन्ही हातांनी धरायचीस.

मला नोकरी लागली, इथं कापडाच्या गिरणीत. शर्यतीत फार मोठं काही झालं नाही माझं, पण वर्षातून एकदा ट्रॅकवर जायचंच हे मी ठरवून टाकलं होतं. जायच्या आधी महिनाभर वीट, रेती, ट्यूब. कामावरून आल्यावर अंग मोडलेलं असायचं, तरी करायचे. बायका विचारायच्या, या वयात कशाला गं? मी म्हणायचे, आवड आहे.

मघाशी संध्याकाळी फोन केला, माय. येत नाही म्हटलं. तो भला माणूस, म्हणाला, "हात बरा करून घ्या, पुढच्या वर्षी जागा ठेवतो." मी म्हटलं, पुढच्या वर्षीही नको. मला वाटलं होतं आता रडू फुटेल. कसलं रडू अन् कसलं काय! उलट भूक लागली. भात टाकला, तूप घेऊन पोटभर जेवले. हे पत्र कुठं टाकायचं म्हणा, उशाखाली राहील. पण लिहितेच आहे तर खरं तेवढं लिहिते. मले गाडीचा कंटाळा येऊन लय वर्षं झाले, माय. तुया हात फुकट जाऊ नये म्हणून जात होती.